प्रतिसाद: वजनदार जोडीदाराशी सराव

कुस्तीत आपल्यापेक्षा वजनदार जोडीदाराशी सराव कसा करायचा, यावर 'भारी गडी आधी दमवायचा, मग डाव टाकायचा' असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते अर्धंच पटतं. भारी गडी मानेवर हात टाकून तुमच्या अंगावर रेलला, तर त्याच्याआधी दम तुमचाच जातो. समोरून दुहेरी पट काढायला (दोन्ही पाय धरून पाडायला) गेलात आणि त्याने पाय मागे फेकले की त्याचं सगळं वजन तुमच्या पाठीवर. त्यापेक्षा त्याचं कोपर वर ढकलून बगलडूब मारायची (म्हणजे त्याच्या बगलेखालून डोकं काढायचं), बाजूने मागे जाऊन कंबरेचा कब्जा घ्यायचा. खाली सापडलात तर पाठीवर सपाट पडू नका, कुशीवर राहा. श्वास तरी घेता येतो.

आणखी एक, जे घाटावरच्या मंडळींच्या लक्षात येत नाही: आमच्या अलिबागकडे दमट हवेत अंग घामाने इतकं निसरडं होतं की दंडावरची पकड टिकतच नाही. तांबड्या मातीत हा त्रास कमी, मॅटवर जास्त. म्हणून मनगट धरा, नाहीतर थेट कंबरेला हात बांधा. किनाऱ्यावरच्या सुक्या वाळूत सराव केलात तर भारी गड्याचे पाय रुततात, रेटा कमी होतो. पण तुमचा पटही मंदावतो, त्यामुळे तिथे मी फक्त पकडीच घोटून घेतो. आणि चाळीस किलोच्या फरकाने रोज खडाखडी (उभ्याने झटापट) करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, गुडघे आपले असतात.