डिमेन्शिया झालेल्या बायकांसाठी वेगळी केंद्रं हवीत का?

वाकडेवाडीकरीण:
आईसाठी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचं, निवासी केंद्र शोधतेय. पाहिली ती सगळी मिश्र. खोल्या वेगळ्या, पण हॉल आणि पॅसेज एकच. एका ठिकाणी माझ्यादेखत एक आजोबा बायकांच्या खोलीत शिरले आणि कॉटवर टेकले. त्यांना ती आपलीच खोली वाटली, मनात वाईट काही नव्हतं. पण कॉटवरच्या आजी गाऊनच्या खांद्यावर पदर चाचपडत राहिल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या ज्येष्ठांमधल्या डिमेन्शियाच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे आणि बायकांमध्ये प्रमाण जास्त. तरी केंद्र बांधताना त्यांच्या संकोचाचा विचार कुणी करत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, फक्त बायकांची केंद्रं निघायला हवीत.

निवृत्त_मास्तर:
साफ असहमत. माझी पत्नी केंद्रात आहे. संध्याकाळी जाऊन मी तिला चहात बिस्किट बुडवून भरवतो. मी कोण ते तिला कळत नाही, पण शेजारी बसलो की दिवेलागणीची तगमग जरा ओसरते. तुमच्या केंद्रात मला गेटजवळच्या बाकावर बसवतील. उद्या मलाच हा आजार झाला तर आम्हा दोघांना दोन गावांत ठेवणार का?

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांचं उदाहरण घ्या. पतीच्या अल्झायमरमुळे त्या निवृत्त झाल्या. पुढे केंद्रात त्या पतीचा जीव तिथल्याच एका बाईत गुंतला. ते खूश आहेत याचंच आईला समाधान आहे, असं २००७ मध्ये त्यांच्या मुलाने सांगितलं. माणसाला शेवटपर्यंत सोबत लागते हो.

उगाच_एक_शंका:
मास्तर, ओ'कॉनरबाईंचा मोठेपणा मान्य. पण त्या दुसऱ्या बाईला काय वाटत होतं? आज वार कोणता हे जिला सांगता येत नाही, तिचा होकार कसा ओळखायचा? आपल्याकडे तर मुलगाच म्हणेल, 'आईला कळतंय कुठे, जाऊ द्या.' मी वाकडेवाडीकरणीच्या बाजूने.

रात्रपाळी:
मी अशाच एका केंद्रात सिस्टर आहे. आधी एक गैरसमज काढा, त्रास फक्त पुरुषांचाच असतो हा. डिमेन्शियाच्या फ्रन्टोटेम्पोरल प्रकारात, म्हणजे वागण्यावरचा ताबा सुटतो त्या प्रकारात, बायकाही चारचौघांत कपडे काढतात, घाणेरड्या शिव्या देतात. आमच्याकडे जास्त भांडणं बायका-बायकांतच होतात, पर्सवरून नाहीतर उशीवरून. माझ्या पर्समधले पैसे हिने घेतले! पर्समध्ये असतात घडी घातलेले पेपर नॅपकिन.

संकोचाचा खरा प्रश्न आंघोळीला आणि डायपर बदलताना येतो. रात्री मावशी कमी पडल्या की वॉर्डबॉयला हाक मारावी लागते. बाई किंचाळते, ओरबाडते, आणि रिपोर्टमध्ये आम्ही लिहितो 'पेशंट आक्रमक'. बाहेर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी लावली तरी रात्री उचलायला वॉर्डबॉयच येणार असेल तर उपयोग काय? केंद्र बघायला जाल तेव्हा हॉल बघू नका, रात्री अकराला ड्युटीवर कोण असतं ते विचारा.

दुसरं म्हणजे धडधाकट, फिरणाऱ्या पुरुष पेशंटला आजही बरीच केंद्रं नाही म्हणतात. सांभाळायला सोप्या बायका वेगळ्या काढल्या तर या पुरुषांना घेणार कोण? त्यांच्या घरीही सांभाळायला बायको किंवा सूनच असते ना!

वाकडेवाडीकरीण:
रात्रपाळी, ड्युटीचा मुद्दा बिनतोड आहे, नक्की विचारेन. पण सगळ्या पुरुषांची सोय होईपर्यंत माझ्या आईने का थांबायचं? मास्तर, तुम्ही भेटायला खुशाल या, दिवसा नवऱ्यांना कोण अडवतंय? माझा आक्षेप रात्री मोकळ्या राहणाऱ्या पॅसेजला आहे.

परभणीहून:
तुमचं भांडण वाचून हसू येतंय. इथे मिश्रही नाही नि वेगळंही नाही. वृद्धाश्रमाला फोन केला की डिमेन्शिया ऐकून पलीकडून गप्प. गोव्यात 'संगथ' या संस्थेने थोडं प्रशिक्षण दिलेली माणसं घरोघरी पाठवून पाहिली होती. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले, सांभाळणाऱ्या घरच्यांचा मानसिक ताण कमी झाला होता. घरी येणारी बाईच असेल तर तुमचा पदराचाही प्रश्न सुटतो.

उगाच_एक_शंका:
सुटतो, ती बाई रोज आली तर. आया पुरवणाऱ्या ब्युरोची बाई दर पंधरवड्याला बदलते, आमच्या आत्याला प्रत्येक वेळी घरात चोर शिरल्यासारखं वाटतं.