मदत हवी आहे: कच्चं तेल उतरलं, आमचं डिझेल तिथंच. शेतकरी गटाला हे कसं समजावून सांगू?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. गावात आमच्या शेतकरी गटाची अवजार बँक आहे. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आणि थ्रेशर भाड्याने देतो, आणि हिशेबाचं रजिस्टर माझ्याकडे असतं. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली तरी 2025 च्या रब्बीचे भाडेदर ठरत नाहीत. जुनी मंडळी म्हणतात, टीव्हीवर रोज सांगतात तेल उतरलं, मग भाडं उतरवा. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा म्हणतो, काकाजी, एकदा पंपावर जाऊन भाव पाहून या. दोघांचंही खरं आहे, आणि मधे बसून उत्तर मला द्यायचं आहे. त्यात ग्रामसभेत डिझेलबद्दल ठराव घ्यायचंही चाललंय. तो घ्यावा की नाही, आणि घेतला तर त्यात काय मागावं, हे मला कळेना.

मला जेवढं उमगलं ते आधी मांडतो. कुठे चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

एक बॅरल म्हणजे 159 लिटर. पुढचे भाव आणि कराचे दर 2025 चे आहेत. बॅरल 65 डॉलर आणि डॉलर 88 रुपये धरला तर कच्चं तेल लिटरला 36 रुपये पडतं. आमच्या पंपावर डिझेल 92 च्या आसपास आहे. मधल्या 56 रुपयांपैकी केंद्राचं उत्पादन शुल्क 17 रुपये 80 पैसे. राज्याचा व्हॅट 21 टक्के, आणि तोही उत्पादन शुल्क मिळवून झालेल्या किमतीवर, म्हणजे करावर कर. ते जवळपास 16 रुपये होतात. उरलेल्या 22 रुपयांत शुद्धीकरण, वाहतूक, कंपनीचा नफा आणि पंपवाल्याचं कमिशन. इथवर लोकांना पटतं.

पुढे मात्र सगळे चिडतात, आणि मला त्यांचा राग रास्त वाटतो. डिझेल 2014 च्या ऑक्टोबरात नियंत्रणमुक्त झालं. जगात भाव चढला की इथे चढेल, उतरला की उतरेल, असं तेव्हा सांगितलं होतं. पण नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात जगात तेल कोसळत असताना उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेतला तेलाचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव, शून्याखाली, उणे 37 डॉलरपर्यंत गेला. लगेच मे महिन्यात आपल्याकडे डिझेलवर एका फटक्यात 13 रुपये शुल्क चढलं. पुढे जगातले भाव वर गेले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईत डिझेल शंभरापार झालं. मग नोव्हेंबर 2021 ला 10 आणि मे 2022 ला 6 रुपये शुल्क कमी केलं. मार्च 2024 मध्ये पंपावर दोन रुपये उतरले. एप्रिल 2025 मध्ये बॅरल साठीच्या घरात आलं तेव्हा दोन रुपये शुल्क परत वाढलं आणि पंपावरचा भाव तोच राहिला. चढ आमच्या धुऱ्यापर्यंत पोचतो, उतार दिल्ली-मुंबईतच जिरतो. सरकारला रस्ते, धान्य, खताचं अनुदान यासाठी पैसा लागतो हे मला मान्य आहे. पण तो पैसा कोरडवाहू शेतकऱ्याच्या टाकीतून किती काढायचा, याची चर्चा कुणी आमच्याशी केलेली नाही.

आता जगातला भाव तरी कोण ठरवतं? बाजार ठरवतो असं आपण म्हणतो, पण जितकं वाचलं तितकं दिसतं की एकेका देशाचं धोरणच ठरवतं. सौदी, इराण, इराक, कुवेत आणि व्हेनेझुएला यांनी 1960 मध्ये बगदादला ओपेक ही तेल विकणाऱ्या देशांची संघटना स्थापन केली. 1973 च्या इस्रायलबरोबरच्या युद्धात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तीन डॉलरचं बॅरल बाराच्या घरात गेलं. मार्च 2020 मध्ये सौदी आणि रशियाचं उत्पादन कपातीवरून फिसकटलं, दोघांनी बाजारात तेल ओतलं आणि त्याच वेळी टाळेबंदी आली. एप्रिलमध्ये तेच एकत्र बसले आणि रोज 97 लाख बॅरल कपात ठरवली. अमेरिकेने 1975 पासूनची कच्च्या तेलाची निर्यातबंदी डिसेंबर 2015 मध्ये उठवली आणि शेलचं, म्हणजे खडक फोडून काढलेलं, तेल जगभर जाऊ लागलं. 2025 मध्ये ओपेक आणि साथीदार देशांनी आधीच्या कपाती सोडायला सुरुवात केली, हेही भाव नरमण्याचं एक कारण. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. म्हणजे यातला प्रत्येक निर्णय आपल्यावर येऊन आदळतोच.

आणि तो फक्त डिझेलमधून येत नाही. 2022 च्या युक्रेन युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचं तेल दोन टक्केही नव्हतं, नंतर ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. ते विकत घेतो म्हणून अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या मालावर जादा 25 टक्के शुल्क लावलं, एकूण 50 झालं. कापडवाले अडचणीत आले. त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्राने 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमका आमचा कापूस निघायच्या हंगामात! मी पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन गेलो तेव्हा व्यापाऱ्याने मूठभर कापूस दाबला, मूठ उघडली, कापूस लगेच फुलून आला नाही. "ओल आहे," एवढंच म्हणाला. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव 8110 रुपये, हातात आला तो त्याच्या बराच खाली. पाऊस होता, ओल होतीच, मी नाकारत नाही. पण त्या मुठीत रशियाचं तेल आणि अमेरिकेचं शुल्कही होतं, हे माझ्याबरोबर गाडीवर आलेल्या काकांना समजावताना माझी फार तारांबळ झाली.

सोयाबीनचंही तसंच काहीसं दिसतं. तेलाची आयात कमी व्हावी म्हणून पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं 2030 चं उद्दिष्ट आधी 2025-26 वर आणलं, आणि ते गाठलंही. त्यासाठी मका लागतो. मक्यातून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनांचा चोथा उरतो तो कोंबडीखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पेंडीला उठाव नसला की सोयाबीनला भाव नाही. 2025-26 चा 5328 चा हमीभाव कागदावरच राहिला.

शेवटची गोष्ट पर्यावरणाची, आणि मला सगळ्यात जास्त तीच टोचते. एक लिटर डिझेल जळालं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, मग पडतो तेव्हा धो धो पडतो. यंदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या पांदण रस्त्यावर गुडघाभर चिखल होता आणि सोयाबीनच्या शेंगा झाडावरच उगवल्या. अशा वेळी ग्रामसभेत उभं राहून "डिझेल स्वस्त करा" म्हणायला माझी जीभ अडखळते. आणि "महागच राहू द्या, पृथ्वी वाचेल" असं म्हणायला तर तोंडच नाही, कारण आमच्याकडे बैलजोड्या मोजक्याच राहिल्या आहेत. ट्रॅक्टरशिवाय पेरणी होत नाही.

तर मला सांगा: वरच्या हिशेबात काय राहिलं? भाडेदर डिझेलच्या भावाला बांधायचा तर कसा बांधावा? आणि ठरावात नेमकं काय मागावं? गटातली तरुण मुलं म्हणतात डिझेल जीएसटीत आणा म्हणा. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद: गायगावचा रस्ता

भाऊ, मी इंधनाच्या हिशेबाचं काम बरीच वर्षं केलं आहे. मांडणी चांगली आहे, एक दुरुस्ती. कंपन्या कच्च्या तेलाचा भाव पाहून डिझेलचा भाव धरत नाहीत, तयार डिझेलचा आंतरराष्ट्रीय भाव धरतात. कच्चं तेल उतरलं तरी जगात रिफायनऱ्या कमी पडल्या की डिझेल चढं राहतं. तुमच्या 22 रुपयांतला बराच भाग या फरकाचा आहे.

दुसरी बाजूही बैठकीत सांगा. मार्च 2022 मध्ये बॅरल 139 डॉलरच्या जवळ जाऊन आलं. एप्रिलपासून पंपावरचे भाव गोठवले गेले, आणि काही महिने कंपन्यांनी तोटा सोसला. तेव्हा तुम्हाला जगातला खरा भाव द्यावा लागला नाही. मात्र 2023-24 मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांचा मिळून नफा सुमारे 81 हजार कोटी झाला, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला आले मार्च 2024 चे दोन रुपये. माझ्या मते तुमचा राग इथे लावा. भाव चढताना जसा नियम आहे तसा उतरतानाही लेखी नियम हवा.

जीएसटीचा ठराव घाईने घेऊ नका. 18 टक्क्यांत आलं तर भाव उतरेल, पण राज्याचं मोठं उत्पन्न जाईल. ते राज्य कुठून तरी भरून काढणारच. व्यापाऱ्याला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, तुम्हाला शेतकरी म्हणून नोंदणीच नाही, वजावट कुठली?

प्रतिसाद: पऱ्हाटी

राजेहो, आमच्याकडे डिझेल दहा रुपयांनं वाढलं तवा ट्रॅक्टरवाल्यानं एकरी दोनशे वाढवले. नंतर सोळा रुपये शुल्क कमी झालं, त्यानं एक रुपया सोडला नाही. सरकारले बोलाच, पण आपल्या गटाचा दर आधी सरळ करा. गरिबाले तिथं लगेच फरक पडते. कापसाचं तुम्ही लिहिलं ते मी घरी वाचून दाखवलं. बापाले पहिल्यांदा समजलं का भाव कायले पडला.

प्रतिसाद: चांदा

मी चंद्रपूरचा. इथल्या कोळशावरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे, म्हणून "सगळं विजेवर न्या" असं कुणी म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. धूर तुमच्या शेतातून उठून आमच्या अंगणात येतो. देशांचंही असंच चालतं. नॉर्वेने 1991 पासून कार्बन कर लावला, 2024 मध्ये तिथल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास 89 टक्के विजेच्या होत्या. पण त्यांच्या समुद्रातलं तेल ते बाहेर विकतात आणि त्याचा धूर जाळणाऱ्या देशाच्या नावावर मोजला जातो.

म्हणून स्वस्त की महाग यात अडकू नका, एकरी लिटर कमी करा. मातीत वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, नसताना रोटाव्हेटर मारला की डिझेल जास्त जातं आणि जमीनही दाबली जाते. जिथे विहिरीवर डिझेल इंजिन आहे तिथे मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज करा, शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. त्या पंपाला ना चंद्रपूरचा कोळसा लागतो, ना आखातातलं तेल.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. पऱ्हाटी भाऊंचं वाचून लगेच रजिस्टर काढून बसलो. आमच्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटरसाठी एकरी साडेसहा लिटर लागतं. सध्याचा दर 1200 रुपये, त्यात 92 च्या भावाने डिझेल 598. म्हणजे चालक, घसारा, दुरुस्ती आणि गटाची शिल्लक मिळून 602. हे 602 वर्षभर पक्के ठेवायचे आणि डिझेलचा भाग त्या दिवशीच्या पंपाच्या भावाने धरायचा. डिझेल दहा रुपयांनी चढलं तर एकरी 65 रुपये वाढतील, दोनशे नाही. उतरलं तर 65 उतरतील, आणि ते फळ्यावर लिहिलेलं असेल.

ठरावात जीएसटी घेत नाही. दोन मागण्या लिहितो. जगात भाव उतरल्यावर किती दिवसांत आणि किती वाटा पंपावर द्यायचा याचा लेखी नियम करा. आणि परदेशी तेलाच्या व्यवहारामुळे कापसावरचं शुल्क हंगामात काढायचं असेल तर त्याच काळात हमीभावाची खरेदी केंद्रं उघडी ठेवा. चांदा भाऊंच्या सूचनेवरून वाफशाची अट दरपत्रकातच टाकतोय.

एक अडचण उरली. थ्रेशरचं भाडं आमच्याकडे पोत्यावर असतं, एकरावर नाही. सोयाबीन ओलं असलं की कुटार (भुसा) अडकतं, त्याच पोत्याला डिझेल दीडपट लागतं. पोत्यामागे लिटर कसं धरावं? कुणाच्या गटात असं दरपत्रक चालू असेल तर त्याचा फोटो इथे टाका.