आई-वडिलांसाठी शोधलेलं रेडिओवरचं गाणं : सोलापूरकरांचे अनुभव

दक्षिण कसबा

आई आता 82 वर्षांची आहे. दुपारी शेंगदाणे निवडायला बसली की तिला एकच गाणं आठवायचं : गीतरामायणातलं सीतेचं, वनवासाला निघतानाचं. मी सगळं गीतरामायण मिळवून लावलं. सुधीर फडक्यांचा आवाज सुरू झाला आणि आई म्हणाली, "हे नव्हे गं. बाई गात होती." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षभर मी तिला समजावत राहिले, की अगं, गीतरामायण बाबूजींचंच. मनात मात्र धास्ती, आईला विसरायला होतंय की काय.

चुकत मी होते. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवं, अशी 56 गाणी झाली, तेव्हा पात्रागणिक गायक वेगळे होते. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे अशी मंडळी. सगळी गाणी एकट्या बाबूजींच्या आवाजात आली ती नंतर. शेजारच्या वकिलांच्या ओसरीवर बसून बारा वर्षांच्या माझ्या आईने ऐकल्या होत्या त्या माणिक वर्मा!

पुण्याच्या मामेभावाने ते जुनं, खरखरणारं ध्वनिमुद्रण शोधून पाठवलं. फोन सुपाशेजारी ठेवला. आईची बोटं थांबली, एक दाणा चिमटीतच राहिला. ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि माणिकताईंनी जिथे श्वास घेतला तिथे आईनेही घेतला. "हीच," एवढंच म्हणाली. मी तिची माफी मागितली.

तुमच्या घरीही असं गाणं असेल तर लिहा. सापडलं असेल तर कसं ते सांगा, नसेल तर खुणा द्या.

अशोक चौक

आमची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, कोनाड्यात ट्रान्झिस्टर. दिवसा हैदराबाद स्टेशन नीट लागायचं नाही, पण मीडियम वेव्ह अंधार पडला की लांबवर पोचते, त्यामुळे रात्री तेलुगू गाणी स्वच्छ यायची. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला आई जागायची ती त्या गाण्यांच्या सोबतीने.

अडचण आमची. घरात तेलुगू बोलतो, पण शिकलो मराठी शाळेत, तेलुगू लिहिता-वाचता येत नाही. शोधायचं तरी कसं टाकून? शेवटी आईलाच गुणगुणायला लावलं, फोनवर टेप केलं आणि वारंगलच्या मामाला पाठवलं. आम्ही चार वर्षं सिनेमातलं म्हणून शोधत होतो, आणि ती निघाली बाळाला झोपवायची जुनी लाली! मामीने म्हणून पाठवली. आई नुसती "अदे, अदे" (तेच, तेच) म्हणत मान हलवत राहिली. सिनेमाचंच असणार, असं धरून बसू नका, एवढंच सांगते.

जुळे सोलापूर

वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्यांचं गाणं मला लगेच सापडलं, तरी ते दरवेळी म्हणायचे, "अर्धंच लावलास की बे!" त्यांना आणखी एक अंतरा येत होता आणि तो कुठेच मिळेना. मग कळलं की 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून सिनेमातला एखादा अंतरा तबकडीवर यायचाच नाही. रेडिओ वाजवणार तबकडी. वडिलांनी पहिल्यांदा पाहिलं होतं टॉकीजला, सेकंड पाळी बुडवून. आख्खा सिनेमा मिळवला, त्यात तो अंतरा होता.

हिंदी गाणं असेल तर कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांचा 'हिंदी फिल्म गीतकोश' कुणाकडे आहे का बघा. दशकवार खंड आहेत, सिनेमाचं नाव कळलं की त्यातली सगळी गाणी मिळतात. आणि म्हातारी माणसं जी ओळ म्हणतात ती बऱ्याचदा अंतऱ्याची असते, मुखड्याची नव्हे.

साखर पेठ

आमचं सापडलं, पण वडील गेल्यावर तीन महिन्यांनी. वर्षश्राद्धाला लावलं होतं. काकांना गाणं पाठ होतं. त्यांना आधी विचारायचं सुचलंच नाही.

विजापूर रोड

आमचं अजून सापडलेलं नाही, म्हणून खुणा देतो. वडिलांना पक्षाघातानंतर बोलता येत नाही, हो-नाही मानेने सांगतात. त्यामुळे एकेक विचारत गेलो. रेडिओ सिलोनवरचं, बुधवारी रात्री गीतमालेत लागायचं. पुरुष आणि बाई दोघं गातात. ठेका टांग्याचा, तो ते डाव्या हाताने खाटेच्या पट्टीवर वाजवतात आणि एकदाही चुकत नाहीत. टांग्याचा ठेका म्हणजे संगीतकार ओ. पी. नय्यर, म्हणून त्यांची आठवतील तेवढी लावून पाहिली, प्रत्येकाला वडिलांची मान 'नाही'च. अंतऱ्याच्या आधी कुणीतरी शिट्टी वाजवतं. त्यानंतर बासरी आहे : तिथे आले की ते ठेका सोडतात आणि तीन बोटं ओठांपाशी नेतात.