प्राग ते पॅरिस रेल्वेने : पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत?

अजनीकर
पुढील मे महिन्यात आई-बाबा (दोघेही साठीच्या पुढचे), पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी यांच्यासह प्राग, वियेन्ना, व्हेनिस, स्वित्झर्लंड आणि पॅरिस असा प्रवास करायचा आहे. नागपुरात चौकशी केली तेव्हा मला बसच्याच सहली सुचवण्यात आल्या. पण बाबांची सारी नोकरी इतवारीच्या नॅरोगेजवर झाली असल्याने त्यांना युरोप रुळांवरूनच पाहायचा आहे. युरेल पास (युरोपातील अनेक देशांच्या गाड्यांत ठरावीक दिवस प्रवासाची मुभा देणारा एकच पास) घ्यावा की प्रत्येक टप्प्याचे तिकीट वेगळे काढावे? व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे करावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

धरमपेठचा प्रवासी
दादा, तुमचे मोठे टप्पे चारच असल्याने, निव्वळ पैशांचा हिशेब केला तर बरीच आधी काढलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतील. प्राग ते वियेन्ना हा साधारण चार तासांचा प्रवास तर नक्कीच. अडचण अशी की त्या स्वस्त तिकिटांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, आणि व्हिसा हाती येण्यापूर्वी अख्ख्या कुटुंबाची तिकिटे काढून बसणे मला धोक्याचे वाटते. सवलतीच्या खास योजनेतला नसलेला युरेल पास सुरू करण्याआधी परत केला, तर काही रक्कम कापून बाकीची मिळते. शिवाय 60 वर्षांवरील प्रवाशांना त्यावर 10 टक्के सवलत आहे, आणि 12 वर्षांखालील मुलीचा पास मोठ्यांच्या पासासोबत विनामूल्य मिळतो. मात्र तो आठवणीने मागून घ्यावा लागतो.

पास हाती आला म्हणजे जागा मिळाली, असे मात्र समजू नका. झुरिक ते पॅरिस टीजीव्ही या अतिवेगवान गाडीत आरक्षण सक्तीचे असून पासधारकांसाठी जागा मर्यादित असतात, म्हणून व्हिसा येताच पहिले काम तेच करा. ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमधील दिवसाच्या बहुतेक गाड्यांत आरक्षणाविना बसता येते. वियेन्नाहून व्हेनिसला नाइटजेट या रात्रीच्या गाडीने गेलात तर शायिकेचे पैसे वेगळे द्यावे लागतील, पण वाटेत गाडी बदलली नाही तर पासाचा एकच दिवस, म्हणजे गाडीत चढलात तो, खर्ची पडतो.

बर्डीची ताई
व्हिसापुरते सांगते. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे होत असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार, त्याच्याकडे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, त्यामुळे तुमच्या पाचही ठिकाणांना एकच व्हिसा पुरेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मुक्कामाच्या रात्री आधी कागदावर मांडा, मगच अर्जाला हात घाला.

अजनीकर
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. व्हेनिसहून स्वित्झर्लंडला कोणत्या मार्गाने जावे?

रामदासपेठचे काका
बाबांसाठी आल्प्स ओलांडून जाणारा बर्निना हा रेल्वेमार्गच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. व्हेनिसहून मिलान, तेथून कोमो सरोवराच्या काठाने इटलीच्या सीमेवरचे तिरानो आणि तिरानोहून स्वित्झर्लंडमधील कूर. बर्निनाचा लोहमार्ग मीटरगेजचा असून 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. दातेरी रुळाचा आधार न घेता गाडी हजार मीटरला 70 मीटर इतका चढ चढत 2,253 मीटर उंचीवर पोहोचते. तिरानो सोडल्यावर थोड्याच वेळात ब्रुझियो येथे ती गोल पुलाच्या कमानीखालून निघून, पूर्ण वेटोळे घालत त्याच पुलावर चढते. ज्यांनी आयुष्यभर वळणे आणि चढ सांभाळले, त्यांनी हे खिडकीशी बसून पाहायलाच हवे. मोठ्या काचांच्या ‘बर्निना एक्सप्रेस’ला आरक्षण लागते, परंतु त्याच रुळांवरील साध्या गाड्यांना लागत नाही, आणि मध्येच आल्प ग्र्युम येथे उतरून हिमनदी पाहून पुढची गाडी धरता येते. माझी पसंती साध्या गाडीलाच.

वाटेतल्या लहान स्थानकांवर हमाल मिळणार नाहीत. त्यामुळे प्रत्येकाने स्वतःला उचलता येईल एवढीच एक बॅग घ्यावी, आणि आई-बाबांसाठी मिलानला गाडी बदलताना तासाभराचे अंतर ठेवावे.