भावाबहिणीचा अबोला, मध्ये आई: पुण्यात कौटुंबिक समुपदेशनासाठी कोणाकडे जावं?

चाफेकळी

नमस्कार. बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. आई (वय ७२) सहकारनगरला बाबांच्याच फ्लॅटमध्ये दादा-वहिनीबरोबर राहते, मी चिंचवडला. सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि हक्कसोडपत्राचा, म्हणजे फ्लॅटमधला आपला हिस्सा सोडून देण्याच्या कागदाचा, विषय आला. दादाने तो माझ्याकडे काढलाच नाही, आईकडून विचारलं. मीही उत्तर आईलाच दिलं. तेव्हापासून सगळं असंच चाललंय. त्याचं म्हणणं आई मला सांगते, माझं त्याला. गणपतीला गेले होते. आरतीला आम्ही दोघं शेजारी उभे होतो, पण बोलणं "ताट इकडे दे" एवढंच.

फ्लॅटपेक्षा मला आईची काळजी जास्त आहे. तिची झोप उडाली आहे. मला फोन करायचा तर गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलते. वहिनी तिचं सगळं करते, ते मला दिसतं. पण आता तसं बोलून दाखवलं तर फ्लॅटसाठी गोड बोलतेय असं तिला वाटेल.

आम्ही सगळ्यांनी मिळून समुपदेशकाकडे जावं असं मनात आहे. मराठीत बोलणारं, कुटुंबांबरोबर काम केलेलं कोणी आहे का? दादाच्या मते ही परदेशी खुळं आहेत, आई म्हणते घरातलं बाहेर कशाला. दादा आलाच नाही तर मी एकटीने जाण्यात काही अर्थ आहे का?

कात्रजकर

आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ. डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली संस्था, पुण्यातही केंद्र आहे. मराठीची अडचण येणार नाही. वेळ घेतानाच सांगा की तीन-चार माणसं येणार आहेत, म्हणजे तसं काम करणारी व्यक्ती देतील.

पारिजात

ताई, मी याच क्षेत्रात सोशल वर्कर आहे आणि पुण्यातच काम करते, म्हणून नावं सुचवत नाही. निवड कशी करायची ते सांगते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात संकोच नको. समुपदेशकांचं शिक्षण मात्र फार वेगवेगळं असतं. कोणी एम.ए. करून वर्षानुवर्षं काम केलेलं असतं, तर कोणी छोटा कोर्स करून बसलेलं. म्हणून शिक्षण विचारा आणि एकाच वेळी तीन-चार माणसांना समोर बसवून काम केलं आहे का तेही विचारा. एकेकट्याशी उत्तम बोलणाऱ्या प्रत्येकाला हे जमतंच असं नाही, कारण खोलीत दोन बाजू भांडायला लागल्या की तिथे वेगळंच कसब लागतं. आणखी एक प्रश्न फोनवरच विचारून घ्या: "आमच्यापैकी कोणी एकट्याने तुम्हाला काही सांगितलं, तर ते इतरांना सांगणार का?" अनुभवी माणसाचा याबाबतचा नियम ठरलेला असतो आणि तो पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर सांगितला जातो. तुमच्या घरात तर हे फारच महत्त्वाचं आहे, कारण आधीच प्रत्येक गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून फिरते आहे.

तुम्ही जे लिहिलंय ते या शास्त्रात ओळखीचं आहे. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी याला त्रिकोण म्हटलं. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. त्या दोघांना जरा हलकं वाटतं, आणि भार तिसऱ्यावर पडतो. तुमच्याकडे आई पोस्टमन झाली आहे आणि झोपही तिचीच उडाली आहे. थेरपिस्ट बहुधा इथूनच सुरुवात करतील. फ्लॅट कोणाचा, चूक कोणाची, असा निवाडा तिथे मिळत नाही. तशी अपेक्षा ठेवून गेलात तर दोघंही निराश व्हाल. "हे आईला नको, भावाकडे बघून सांगा" इतकं साधं काम पहिल्या काही भेटींत चालतं, आणि ते ऐकायला वाटतं त्याहून खूप अवघड असतं.

दादांच्या "परदेशी खुळां"बद्दल: अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं आणि उपचारांत सामील करून घेतलं. कुटुंबाला बरोबर घेऊन उपचार करणं आपण कुठून उसनं आणलेलं नाही.

आणि हो, एकटीने जाण्यात अर्थ आहे. त्रिकोणाची एक बाजू जरी वेगळी वागायला लागली तरी बाकीच्या दोघांना आपली जागा बदलावी लागते.

सिंहगडरोड

आम्ही नवरा-बायको आणि सासूबाई असे जात होतो. सुरुवातीला प्रत्येक भेटीनंतर घरी येऊन जास्तच भांडण व्हायचं, तेव्हा वाटलं बंद करावं. थेरपिस्टनी सांगितलं की इथला विषय रिक्षात आणि घरात काढायचा नाही, पुढच्या भेटीपर्यंत ठेवायचा. तो एक नियम आम्ही पाळला आणि हळूहळू फरक पडला. सासूबाईंना राग होता तो माझ्या नोकरीचा नव्हताच. घरातले निर्णय त्यांना सगळ्यात शेवटी कळतात, याचा होता. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. आता डॉक्टरची वेळ घ्यायच्या आधी त्यांना विचारतो. भांडणं आजही होतात, पण जेवणाची ताटं वेगळी होत नाहीत.

जागा अशी बघा की दोघांनाही सारखीच लांब पडेल. "तुझ्या ओळखीचा, तुझ्या बाजूचा" हा संशय तिथेच कमी होतो. तुम्ही पिंपरीहून आणि ते स्वारगेटहून मेट्रोने शिवाजीनगरला येऊ शकता.

तांबडीमाती

पूर्वी वकिली करत होतो, म्हणून एवढंच. फ्लॅट बाबांच्या स्वकष्टाचा असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, दादा आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही. समुपदेशन चालू आहे तोवर कशावरही सही करू नका, दादांनाही करायला लावू नका. हा विषय वकिलाकडे किंवा मध्यस्थाकडे वेगळा ठेवा. थेरपीच्या खोलीत कागद आणले की बोलणं तिथेच थांबतं.

गुलबाक्षी

इथे वाचणाऱ्या इतरांसाठी: घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर एकत्र बसून थेरपी नको. समोरच्याच्या भीतीने खरं बोललं जात नाही आणि बोललं तर घरी गेल्यावर भोगावं लागतं. आधी एकटीने भेटा. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे. आणि मूळ प्रश्न दारूचा असेल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जा. १९८६ पासून त्यांचं काम चालू आहे, घरच्यांशीही ते बोलतात.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. त्रिकोणाचं वाचून आईला फोन करावासा वाटला आणि केला. दादाचा निरोप सांगू लागली तेव्हा म्हटलं, "आई, हे त्यालाच मला सांगू दे, तू तुझ्याबद्दल बोल." ती जरा गप्प झाली, मग गुडघ्याबद्दल बोलली.

दोन प्रश्न राहिलेत. खर्च साधारण किती? विम्यातून मिळतो का? आणि वहिनीला पहिल्याच भेटीला बोलवायचं का?

पारिजात

खासगीत एका भेटीचे हजाराच्या पुढेच धरून चला. कुटुंबाची भेट तास-दीड तास चालते, म्हणून फी जास्त असू शकते, आधीच विचारा. ससूनच्या मनोविकार विभागात खर्च फार कमी, पण गर्दी असते, लांबलचक कौटुंबिक बैठकीची खात्री धरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरावे लागतात, पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचा, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्च देत नाहीत. तुमची पॉलिसी उघडून बघा.

आईंच्या झोपेसाठी मात्र समुपदेशनाची वाट बघू नका. फॅमिली डॉक्टरना दाखवा, थायरॉइड, बी-१२ बघून घ्या, आणि कानांची तपासणीही करा. या वयात ऐकू कमी येत असेल तर निरोप अर्धवट पोचतात आणि त्यावर भांडणं उभी राहतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. जोडीदार गेल्यानंतरचं दुःखही असेल. रात्री फारच अस्वस्थ वाटलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

वहिनींना नक्की बोलवा. आईचं रोजचं सगळं त्या करतात, मग त्यांच्या दिवसाबद्दल त्यांच्यामागे बोलणं बरोबर नाही. बोलावणं तुम्ही स्वतः करा, दादांना वेगळं आणि वहिनींना वेगळं, आईला मध्ये न घालता. फोन अवघड वाटला तर मेसेज चालेल. "तुझं चुकलं" असा सूर नको, फ्लॅटचा उल्लेख नको. "आईची झोप उडाली आहे, तिच्यासाठी आपण एकदा एकत्र कोणाशी बोलू या का? वेळ आणि जागा तू ठरव." इतकंच पुरे. नाही म्हणाले तर वाद घालू नका, तुमची स्वतःची वेळ घेऊन टाका.