एकटे राहणारे, नोकरी करणारे आणि मंडळीत जाणारे : नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

सगळ्यांना सलाम.

पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहणारी, कामधंदा सांभाळून नेमाने चर्चला जाणारी माणसं आपल्या प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, आहेत. कुणाचं लग्न जमलं नाही, कुणी केलं नाही, कुणाचा जोडीदार गेला. मंडळीचा कारभार मात्र कुटुंबाच्या हिशेबाने चालतो. वर्गणी कुटुंबामागे, सहल कुटुंबाची, पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, घरभेटसुद्धा कुटुंबाला. कामं वाटायची वेळ आली की आपलं नाव पहिलं निघतं. "तुमच्या मागे काय आहे? तुम्हाला वेळच वेळ!" मी सीबीएसजवळ एका पतसंस्थेत काम करते, ५४ वर्षांची आहे आणि हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकते आहे. घरचं दळण, गॅसचा नंबर, लाइट बिल, आईची औषधं हे सगळं एकाच माणसाला करावं लागतं तेव्हा त्याला वेळ कमी असतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

मला हे जास्त लागतं त्याला कारण आहे. आपलं शरणपूर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिशनने वसवलं ते अनाथांसाठी आणि गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात होता आणि १८७४ मध्ये त्यांचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. रक्ताचं कुणी नसलेल्यांना घर मिळावं म्हणून जिथे वस्ती उभी राहिली, त्या गावात एकट्या माणसाला मंडळीत परकं वाटू नये, असं मला मनापासून वाटतं.

तर लिहा. शिफ्ट आणि उपासना कशी जुळवता? रविवारची दुपार कशी जाते? आजारपणात कोण येतं? कुठली कामं घेता, कुठली नाही? नाव नको, भाग आणि काम सांगितलं तरी पुरे. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), घरी जमणाऱ्या सहभागिता, सगळ्यांनी लिहा.

सातपूर, सीएनसी मशीनवर सेटर, वय ५७

वडील नगर जिल्ह्यातून एमआयडीसीत कामाला आले, मी इथेच वाढलो. पाळी दर आठवड्याला बदलते : सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. कंपनीची सुट्टी रविवारी नसते. मी खात्यात सरळ बोलणी करून ठेवली आहेत. गणपती विसर्जन आणि दिवाळीचा पाडवा मी कामावर असतो, त्या बदल्यात दोघं सहकारी माझे रविवार सांभाळतात. गुड फ्रायडेला बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते आणि दुसरी पाळी बरोबर तीनला सुरू होते. चर्चमधून निघून तीनला गेटवर पंच करणं शक्यच नाही, म्हणून त्या दिवसाची बदली महिनाभर आधी पक्की करतो.

मंडळीचा मी खजिनदार. उपासना संपली की आतल्या खोलीत अर्पणाच्या थैल्या टेबलावर उलट्या करायच्या, नाणी बाजूला, नोटा सरळ करून गड्ड्या, दोघांनी मोजायचं, वहीत दोघांच्या सह्या. उपकारस्तुतीची पाकिटं वेगळी. कुणी लिहितं "नातू झाला", कुणी "पोराला नोकरी लागली". एका आजींच्या पाकिटावर नेहमी एकच ओळ असते : "रात्री झोप लागते त्याबद्दल." मंडळीची सुखदुःखं मला या पाकिटांवरून कळतात, आणि म्हणून हे काम सोडवत नाही.

त्रास असतो तो मार्चमध्ये. ३१ मार्चचे हिशेब, ट्रस्ट असल्यामुळे ऑडिट आणि धर्मादाय आयुक्तांकडे द्यायची पत्रकं, कंपनीचं वर्षअखेरचं डिस्पॅच आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ, सगळं एकत्र येतं. तीन वर्षांपूर्वी कमिटीत स्पष्ट सांगितलं की सहखजिनदार द्या, नाहीतर मी उभा राहत नाही. दोन लेकरांचा बाप असलेला माणूस दिला आणि तो उत्तम काम करतो. लग्न झालेल्यांनाही वेळ काढता येतो. विचारावं मात्र लागतं.

इंदिरानगर, खासगी कंपनीत अकाउंट्स, वय ४६

मी कुठल्या गटात बसते हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. तरुण संघाची वयोमर्यादा केव्हाच ओलांडली. महिला सहभागितेची सभा बुधवारी दुपारी चारला. त्या वेळी मी अंबडला ऑफिसात जीएसटीचं रिटर्न भरत असते. वेळ बदला म्हटलं तर उत्तर आलं, "बायकांना संध्याकाळी स्वयंपाक असतो." स्वयंपाक मलाही असतो, मी तो नऊला करते.

सभेत बोलायचे विषयही ठरलेले : मुलांचं संगोपन, पतीसाठी प्रार्थना, सुनेशी वागणूक. मी त्या विषयांवर मनापासून प्रार्थना करते, मैत्रिणींच्या मुलांच्या परीक्षेसाठी उपास केलेत. पण माझ्या बढतीसाठी किंवा गृहकर्जासाठी प्रार्थना मांडायची तर तोंड उघडवत नाही, कारण वर्षानुवर्षं माझ्यासाठी एकच विनंती मांडली जाते, की हिचं कुठे जमावं. दाराशी पाळकसाहेबांशी सलाम करून बाहेर पडले की पायरीवर कुणीतरी असतंच, "मग, कुठे बघताय की नाही?" विचारणाऱ्या मावशींचा हेतू वाईट नसतो, माझ्यावर त्यांचा जीवही आहे. तरी आठवडाभराची थकलेली मी देवाच्या घरातून बाहेर पडताना हेच ऐकून घरी जाते.

शेवटी आम्ही चौघींनी शनिवारी संध्याकाळी साडेसातला एकत्र बसायला सुरुवात केली. एक बँकेत, एक शाळेत, एकीचं शिवणकामाचं दुकान आणि मी. पाळीपाळीने एकेकीच्या घरी. नियम एकच, चहाबरोबर विकतचं आणायचं, कुणी रांधायचं नाही. दोन गीतं, एक अध्याय, मग प्रत्येकीने त्या आठवड्याचं खरं सांगायचं. बॉसने काय बोललं, पगार का थांबला, भावाने वाटणीत काय केलं. पाळकसाहेबांना कळवलं तेव्हा त्यांनी रविवारी सूचनांमध्ये वाचून दाखवलं, आणि पुढच्या शनिवारी एक विधवा बहीण स्वतःहून आली.

नाशिकरोड, स्टाफ नर्स, वय ५१

मी कॅथलिक. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळची मिस्सा (आमची उपासना) रविवारची म्हणून धरली जाते, हे शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना फार मोठं वरदान आहे. नाइट करून सकाळी थेट मिस्सेला जायचे तेव्हा उपदेशात डोळे मिटायचे आणि मनाला फार लागायचं. एका म्हाताऱ्या फादरनी सांगितलं, "रात्रभर आजाऱ्यांजवळ बसलीस, देव त्या झोपेवर रागावणार नाही." तो दिवस मी विसरले नाही.

फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला बाहेरगावाहून अफाट गर्दी होते, तेव्हा रजा टाकून गर्दीतल्या आजारी माणसांना मदत करायला जाते. सप्टेंबरात जमलं तर हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरीयामातेच्या, यात्रेला. बाकी वर्षभर मी पॅरिशच्या कुठल्याही समितीत नाही. लोकांना ते खटकतं. पण माझं काम हीच माझी सेवा आहे, आणि वॉर्डातून आल्यावर मला बाकावर शांत बसायचं असतं, कुणाचीही यादी न करता.

जेलरोड, प्रेसमधून निवृत्त, वय ६३

मला एकटेपणाचा त्रास नाही, उलट मोकळीक वाटते. नोटप्रेसमध्ये आयुष्य गेलं, पाळ्या सांभाळून कॉयरमध्ये बास गायलो. आता सिव्हिल हॉस्पिटलला आठवड्यातून दोनदा जातो, ज्यांच्याकडे कुणी येत नाही अशा पेशंटजवळ बसतो, डबा भरवतो, सोडवायला कुणी नसेल तर रिक्षा बघून देतो. धर्माची चौकशी करत नाही. संसार असता तर एवढं जमलं नसतं. सगळ्यांनी रडगाणं गाऊ नये, एवढंच सांगायचं होतं.

(आपलं म्हणणं पटतं, काका. पण इथे लिहिणारे रडत नाहीत, अडचण नेमकी सांगताहेत. पुढचा अनुभव वाचा. — धागा काढणारी)

पंचवटी, माध्यमिक शिक्षिका, वय ५८

मागच्या वर्षी गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. ॲडमिशनच्या टेबलावर मुलीने फॉर्म पुढे केला, "पेशंटचे नातेवाईक?" मी म्हटलं, सही मीच करते. "तुमची तर लागेलच, नातेवाईकाचीही पाहिजे. मिस्टर कुठे आहेत?" भाऊ पुण्याला, त्याचीच अँजिओप्लास्टी झालेली. मागे रांग. माझ्याबरोबर आली होती ती आमच्या मंडळीतली, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, इथल्याच द्वारका भागात मेडिकल स्टोअरमध्ये काम करणारी मुलगी. तिने पेन घेतलं आणि नात्याच्या रकान्यात "बहीण" लिहून सही केली. टेबलावरच्या मुलीने आमच्या दोघींची आडनावं पाहिली, वर बघितलं, काही न बोलता शिक्का मारला.

त्यानंतर दहा दिवस मंडळीने माझं काय केलं ते सांगते, कारण तक्रारींबरोबर हेही लिहिलं जावं. डब्यांची पाळी कुणी ठरवली मला अजून माहीत नाही. सोमवारी भाकरी-मेथी, मंगळवारी मुगाची खिचडी, एका घरून बोंबलाचा रस्सा आला तो डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून त्या मुलीने खाल्ला. रात्री झोपायला रोज एकजण. पाळकीणबाईंनी माझे केस विंचरून दिले. आईनंतर माझ्या केसांना कुणी हात लावला नव्हता.

आता माझ्या घराची एक किल्ली त्या मुलीकडे असते. रोज सकाळी सातच्या आत मी तिला मोबाइलवर बायबलचं एक वचन पाठवते. सात वाजून गेले आणि वचन आलं नाही तर तिने फोन करायचा, उचलला नाही तर यायचं, असं ठरलं आहे. एकटं राहणाऱ्या प्रत्येकाने हे एवढं तरी ठरवून ठेवावं.

जुना आग्रा रोड, वकिलांच्या ऑफिसात लिपिक, वय ५५

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून कामाचं लिहितो. एकट्या ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलंच पाहिजे. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि बायको-मुलं, आईवडील नसतील तर मालमत्ता भावंडांत जाते. जिने तुमची उठबस केली तिला काहीही मिळत नाही.

ते साध्या कागदावरही चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही द्यायचं आहे त्याची किंवा त्याच्या नवराबायकोची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, नाहीतर त्याला दिलेलं तेवढं रद्द ठरतं. अशी दोन प्रकरणं आमच्या ऑफिसात आली, दोन्हींत चर्चमधल्याच माणसाने प्रेमाने सही केलेली. दुसरं, मृत्युपत्रानंतर लग्न केलं तर ते आपोआप रद्द होतं, नवीन करावं लागतं. साठीतही लग्नं होतात, म्हणून लक्षात ठेवा. तिसरं, पूर्वी जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धार्मिक कामासाठी मालमत्ता द्यायला खास अटी होत्या. सुप्रीम कोर्टाने ते कलम २००३ मध्ये रद्द केलं. चर्चला, अनाथाश्रमाला द्यायचं असेल तर आता ती अडचण नाही.

आणि बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो फक्त पैसे ताब्यात घेतो.

सिडको, डबे करून देते, वय ६१

मी फार लिहिणारी नाही. मालक जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा दुबईला. सोमवार ते शनिवार पोरांचे डबे, त्यामुळे दिवस कळत नाही. रविवारी उपासना साडेदहाला सुटते, सगळे आपापल्या गाड्यांवर घरी मटण शिजवायला पळतात, आणि मी बसमध्ये बसते. ती दुपार मला खायला उठायची.

बेथानीला मार्था, मरीया आणि लाजर तिघं भावंडं राहत होती, तिथे प्रभू जेवायला जात असे. त्या घरात कुणाच्या नवऱ्याचं की बायकोचं नाव आलेलं नाही. हे एकदा कॉटेज प्रेयरला (घरी होणाऱ्या प्रार्थनासभेला) वाचलं आणि मी ठरवलं. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये आलेल्या वस्तूंच्या लिलावात मी एक मोठं पातेलं घेतलं, भोपळे आणि अंडी बाकीच्यांनी घेतली. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ज्याला घरी कुणी नाही त्याने माझ्याकडे यायचं. सुरुवातीला दोघं आले. आता वसतिगृहातली नर्सिंगची पोरंपोरी, एक रिटायर्ड ड्रायव्हर, दोन शिक्षिका, कधी पाळकसाहेबही. भात टाकायला आणि कांदे कापायला येणाऱ्यांनी लवकर यावं, रस्स्याचं वाटण मी आदल्या रात्रीच करून ठेवते.

सातपूरचे भाऊ, तुमची पहिली पाळी नसेल त्या रविवारी या. इंदिरानगरच्या चौघी, तुम्हीसुद्धा, हात हलवत या, पदार्थ आणायचा नाही. जागा कमी पडली तर गच्ची आहे.