जी१पी[८] आला म्हणून ‘वा’ गट धरू नका

वाशीच्या लॅबमधल्या सदस्यांनी विचारलंय, की पीसीआरला जी१पी[८] (‘जी’ म्हणजे व्हीपी७चा प्रकार, ‘पी’ म्हणजे व्हीपी४चा) आला तर रोटाव्हायरस, म्हणजे मुलांना जुलाब करणारा विषाणू, ‘वा’ गटाचा धरायचा का. (‘वा’ आणि डीएस-१ हे त्याच्या जनुकखंडांच्या संचाचे दोन मुख्य गट.) नाही. ती चाचणी ११ पैकी दोनच जनुकखंड बघते, बाहेरच्या कवचाची प्रथिनं बनवणारे व्हीपी७ (९वा) आणि व्हीपी४ (४था). एकाच पेशीत दोन स्ट्रेन शिरले की बाकीचे नऊ कुठूनही येऊ शकतात. जपानमध्ये २०१२ साली सापडलेल्या जी१पी[८]मध्ये कणा, म्हणजे बाकीचे खंड, डीएस-१चा होता. रोटाव्हॅक लसीतला ११६ईसुद्धा निसर्गातच झालेला संकर: माणसाचा जी९, त्यात व्हीपी४ गाईच्या विषाणूचा.

सिक्वेन्सिंगआधी आरएनए जेलवर चालवून बघा, स्वस्त पडतं. ११ खंडांचे पट्टे मोठ्याकडून लहानाकडे ४-२-३-२ अशा गटांत दिसतात. ११वा खंड १०व्याच्या मागे राहिला तर डीएस-१चा संशय घ्या. पट्टे ११ हून जास्त असतील तर बहुधा दुहेरी संसर्ग. तिथे सरळ कन्सेन्सस (सगळं वाचन मिळून एकच क्रम) काढलात तर नसलेला संकर कागदावर जन्माला येतो. खरी धास्ती याचीच.

आरटीआधी (आरएनएवरून डीएनए बनवण्याआधी) आरएनए ९५ अंशांवर ५ मिनिटं, मग लगेच बर्फात. दुपदरी आरएनए उलगडला नाही तर प्रायमर बसतच नाही, आणि दोष मात्र किटला लागतो.